ओळखीच्या खुणा

मानामदुराई हे दक्षिण तमिळनाडूतलं एक जंक्शन. मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून निघालेली बोट मेल इथून पुढे धनुष्कोडीला जायची. तिथे उतरून प्रवासी बोटीने सिलोनच्या किनाऱ्याला लागायचे, म्हणून गाडीचं नावच बोट मेल. १९५२ च्या ऑगस्टअखेरीस या गाडीच्या एका डब्यात दुर्गंधी सुटली. प्रवाशांनी तक्रार केली, शोध घेतला तेव्हा बाकाखाली एक बेवारस ट्रंक सापडली. मानामदुराईला ती उतरवून उघडली. आत एका पुरुषाचा देह होता आणि त्याला शीर नव्हतं.

पोलीस काय करतात असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाठलाग येतो, चौकशीची खोली येते, हातकडी येते. मला वाटतं, पोलिसी कामाचा खरा कस लागतो तो त्याच्या कितीतरी आधी, या ट्रंकेपाशी. समोर अनोळखी प्रेत आहे. ज्या स्टेशनात ते उतरवलं त्या गावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मारणारा कोण हा प्रश्न लांबच राहिला. आधी मेलेला कोण ते कळायला हवं, कारण मारेकरी बहुधा मृताच्या ओळखीपाळखीत असतो, आणि मृताला नाव नसेल तर ओळखीपाळख शोधायची कुणाची?

इथे एका शब्दाशी थांबतो. अशा वेळी महाराष्ट्रात जो कागद लिहिला जातो त्याला आपण मरणोत्तर पंचनामा म्हणतो. पंचांसमक्ष देह कसा पडला होता, अंगावर काय होतं, जखमा कुठे, सगळं टिपायचं आणि खाली सह्या घ्यायच्या. तमिळनाडूच्या पोलीस ठाण्यात घटनास्थळाच्या किंवा जप्तीच्या अशाच कागदाला ‘महजर’ म्हणतात. मराठी इतिहासाच्या वाचकाला हा शब्द ऐकताच चमकायला होईल. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाच्या तंट्यात गोतसभा जमायची, गावाची साक्ष घ्यायची आणि निवाडा कागदावर उतरवायची, तो महजर. त्याखाली कुणब्याची निशाणी नांगराची असायची. लिहिता न येणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या कामाच्या हत्याराने पटवलेली! फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे दप्तरखान्यात जाऊन बसला. चेन्नईत तो आजही रोज सकाळी पोलीस ठाण्यात लिहिला जातो.

मानामदुराईला कागद झाला. त्याच सुमारास, पाचशेएक किलोमीटर उत्तरेला मद्रास शहरात, एक माणूस बेपत्ता असल्याची तक्रार पोलिसांकडे आली होती. त्याचं नाव आळवंदार, वय चाळिशीचं, पूर्वी लष्करात नोकरी केलेला. आता पॅरीज कॉर्नरजवळच्या पेनांच्या एका नामांकित दुकानात जागा घेऊन तो प्लास्टिकच्या वस्तू विकत असे, हप्त्यांनी साड्याही देत असे. २८ ऑगस्टला दुकानातून गेला तो परतलाच नाही. एका टोकाला नाव नसलेला देह आणि दुसऱ्या टोकाला देह नसलेलं नाव. दोन फायली, दोन हद्दी. या दोन फायली एका टेबलावर आणणं हीच तपासाची पहिली मोठी पायरी असते, आणि ती तार, टपाल आणि कुणाच्या तरी चौकस स्मरणशक्तीच्या जोरावर घडायची. या वेळी ती वेळेत घडली.

देह मद्रासला आणला गेला. शीर नसलं तरी हात होते, आणि हातांना बोटं.

बोटांच्या टोकांवरच्या रेघा आपल्याकडे नव्या नाहीत. बाळाच्या बोटांवर शंख किती आणि चक्रं किती हे मोजणाऱ्या आज्या घरोघर होत्या. दहा चक्रं निघाली की मूल राजा होणार! भविष्य सोडून देऊ, पण निरीक्षण अचूक होतं. ठसेतज्ज्ञ जे तीन मुख्य आकार मानतात त्यांतला गोल भोवरा म्हणजे आपलं चक्र. एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूला परतणाऱ्या रेघांचा फास, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, साधारण साठ-पासष्ट टक्के. भोवरे तीस-पस्तीस टक्के, आणि टेकडीसारखी नुसती चढून उतरणारी कमान, ती सर्वांत दुर्मीळ. गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात या रेघा उमटतात आणि मग जन्मभर तशाच राहतात. वरवर भाजलं, खरचटलं तरी नवी त्वचा जुनीच नक्षी घेऊन येते.

पण नुसता फरक असून भागत नाही. समजा, पोलिसांच्या कपाटात लाखभर माणसांचे ठसे आहेत. हातात आलेला एक ठसा त्यांत शोधायचा कसा? संगणक नव्हता तेव्हाचा हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्याच देशात निघालं. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ती पद्धत जगभर गेली. तिच्या मागची आकडेमोड मात्र त्यांच्या हाताखालचे दोन अंमलदार, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस, यांची होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हेन्रीचं नाव पद्धतीला चिकटलं आणि या दोघांची नावं तळटिपेत गेली.

ती आकडेमोड समजायला अवघड नाही. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. उजवा अंगठा आणि तर्जनी ही पहिली जोडी, तिथून क्रमाने डाव्या करंगळीपर्यंत. ज्या बोटावर चक्र असेल त्यालाच गुण, बाकीच्यांना शून्य. पहिल्या जोडीतल्या चक्राला १६, दुसरीतल्या ८, मग ४, २ आणि १. प्रत्येक जोडीतलं पहिलं बोट छेदात, दुसरं अंशात, आणि शेवटी वर-खाली एकेक मिळवायचा. उदाहरणार्थ, एखाद्याच्या उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे, बाकी कुठे नाही. अंगठ्याचे १६ छेदात गेले, अनामिकेचे ८ अंशात. एकेक मिळवला की अपूर्णांक झाला ९/१७. अशा शक्यता बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४. भिंतीला १,०२४ खणांचं कपाट उभं करा, आणि ९/१७ चा कागद थेट आपल्या खणात जाऊन बसतो. लाखभर कागदांऐवजी आता तेवढा एक खण चाळायचा. १८९७ साली कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग या पद्धतीवर सुरू झाला, आणि दोन-तीन वर्षांतच मद्रासनेही अंगाची मापं घेण्याची जुनी रीत सोडून ठशांची धरली.

पहिली मोठी परीक्षा जलपाईगुडीच्या एका चहामळ्यावर झाली. मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता, तिजोरी फोडलेली होती आणि आतल्या कागदांत एक बंगाली पंचांग होतं. त्याच्या वेष्टनावर रक्ताळलेल्या अंगठ्याची खूण मिळाली. कलकत्त्याच्या कपाटातल्या एका जुन्या गुन्हेगाराच्या ठशाशी ती जुळली. १८९८ मध्ये न्यायालयाने चोरीबद्दल त्याला शिक्षा दिली आणि खुनातून सोडलं, कारण ठसा तो माणूस तिथे होता एवढंच सांगतो, त्याने वार केला हे सांगत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांनी दाखवलेला हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. आजच्या बातम्यांत ‘ठसे जुळले’ म्हणजे गुन्हा सिद्धच झाला असं धरून चालतात, तेव्हा तर जास्तच.

मृताच्या बोटांचे ठसे घेणं हे वेगळंच कसब आहे. जिवंत माणसाचं बोट काचेवर पसरलेल्या शाईवर नखाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत लोळवायचं आणि तसंच कागदावर. आपण नोंदणी कार्यालयात अंगठा देतो त्याहून जरा जास्त निगुतीने, एवढंच. मृताची बोटं मात्र आखडलेली असतात. आधी सांधे हळूहळू हलवून मूठ सोडवावी लागते. कागद बोटावर लोळवता यावा म्हणून तो चमच्यासारख्या खोलगट पट्टीत बसवतात. कातडी सुरकुतली असेल तर सुईने टोकात द्रव भरून ती फुगवतात, म्हणजे रेघा वर येतात. देह पाण्यात राहून वरची कातडी मोज्यासारखी सुटून आली असेल, तर तज्ज्ञ स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर ती चढवतो आणि शाईवर टेकवतो. एका माणसाचं नाव परत मिळावं म्हणून दुसरा माणूस त्याची त्वचा आपल्या बोटावर घालतो. पोलीस कामातलं याहून हळुवार काही मला माहीत नाही.

ठसे घेतले, पण जुळवायचे कशाशी? आळवंदार गुन्हेगार नव्हता, पोलिसांच्या कपाटात त्याचा कागद असण्याचं कारण नव्हतं. तो कागद लष्कराकडे होता. भरतीच्या वेळी घेतलेले ठसे जपून ठेवलेले होते, आणि ट्रंकेतल्या बोटांशी ते जुळले. भलत्याच कामासाठी, भलत्याच खात्याने, कित्येक वर्षं आधी केलेली एक नोंद त्या देहाला नाव देऊन गेली. तपास असाच पुढे सरकतो. कुठल्या तरी कारकुनाने कधी तरी नीट केलेलं काम हाताशी येतं.

शीरही मिळालं. मद्रासच्याच रायपुरम भागातल्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, शर्टात गुंडाळलेलं. मद्रास मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. सी. बी. गोपालकृष्णन यांनी शीर आणि धड दोन्ही तपासली. आता प्रश्न होता, हे त्याच देहाचं शीर आहे का आणि हा चेहरा त्याच माणसाचा आहे का. समुद्राच्या पाण्याने आणि दिवसांनी चेहरा ओळखण्यासारखा ठेवलेला नसतो. इथे टिकल्या त्या दोन गोष्टी, दात आणि कानाची पाळी. दातांची ठेवण वाकडी होती, एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, आणि कानाला दोन ठिकाणी टोचल्याच्या खुणा होत्या. आपल्याकडे मुलग्याचेही कान बाराव्या दिवशी सोनाराकडून टोचून घेतात, कुणाला भिकबाळी घालतात. मोठेपणी बाळी जाते, भोक अर्धवट बुजतं, पण खूण राहते. सोनाराची ती क्षणभराची टोच चाळीस वर्षांनी पुरावा होईल असं कुणाच्या मनात येत असेल?

चेहरा नसलेल्या माणसाला चेहरा देण्याच्या शास्त्राची सर्वांत गाजलेली कथाही आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोचते. इंग्लंडमधल्या लँकेस्टर गावात बक रक्स्टन नावाचा डॉक्टर होता. हा मूळचा मुंबईचा पारशी, बख्त्यार रुस्तमजी हकीम, मुंबईतच वैद्यक शिकलेला. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याने आपल्या सहचारिणीला आणि घरातल्या तरुण मोलकरणीला मारलं, ओळखीच्या खुणा शोधून शोधून कापून काढल्या आणि तुकडे स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळच्या एका घळीत टाकले. डॉक्टर असल्यामुळे काय काढून टाकायचं हे त्याला ठाऊक होतं. पण तुकडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते, त्यातला एक अंक फक्त लँकेस्टर आणि मोरकँबच्या परिसरातच वाटलेला खास अंक होता. तिकडे ग्लासगो आणि एडिंबरोच्या तज्ज्ञांनी त्या स्त्रीच्या जुन्या छायाचित्रावर कवटीचं त्याच मापाचं, त्याच कोनातलं छायाचित्र ठेवून पाहिलं. भुवयांची कड, नाकाचं मूळ, हनुवटी एकावर एक बसली. १९३६ च्या मे महिन्यात रक्स्टनला फाशी झाली. कवटी आणि छायाचित्र जुळवण्याची ही रीत पुढे भारतातल्या प्रयोगशाळांतही आली.

मद्रासला प्रयोगशाळेची परंपरा तर देशात सर्वांत जुनी. १८४९ साली इथे रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा सुरू झाली. कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तिच्या मागून आल्या. त्या काळात तिच्यापुढे मुख्यतः विषं यायची. सोमल हे त्यांतलं सर्वांत मोठं, कारण ते बेचव असतं आणि त्याची लक्षणं पटकीसारखी दिसतात. वाटसरूला धोतऱ्याचं बी खाऊ घालून बेशुद्ध करायचं आणि लुटायचं, ही तर हमरस्त्यावरची नेहमीची चाल होती. इंग्लंडात जेम्स मार्शने १८३६ मध्ये सोमलाची जी चाचणी शोधली तिच्यात पोटातल्या द्रवातून वायू काढून तो तापवला की काचेवर काळसर चकाकता थर धरतो. पटकीने गेला म्हणून ज्याला घाईने अग्नी दिला असता त्याच्यासाठी तो थर साक्षीदार व्हायचा.

देहाला नाव मिळालं तसा तपासाचा रोख मद्रास शहरात, रायपुरमच्या सिमेटरी रोडवरच्या एका घराकडे वळला. तिथलं तरुण जोडपं नाहीसं झालं होतं. त्या स्त्रीची आणि आळवंदारची लग्नाआधीची ओळख, नंतर त्याने दिलेला त्रास, या गोष्टी त्या काळच्या वर्तमानपत्रांनी रंगवून रंगवून छापल्या. मला त्यांत शिरायचं नाही. दोघं पळून मुंबईला आली होती. गर्दीत मिसळून जायला तेव्हाही मुंबईच आठवायची. मद्रास पोलिसांचं पथक त्यांच्या मागावर मुंबईत आलं आणि त्यांना इथे अटक झाली. खटला मद्रास उच्च न्यायालयात न्या. ए. एस. पंचापकेश अय्यर यांच्यापुढे चालला. १९५३ मध्ये पतीला सात वर्षांची आणि पत्नीला तीन वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या भयानक वाटणाऱ्या गुन्ह्याला एवढीच शिक्षा कशी, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण मृताचं नाव कळलं म्हणूनच त्याचं वागणंही न्यायालयापुढे आलं. ते प्रेत अनोळखी राहिलं असतं तर आरोपींच्या बाजूने बोलणारं सत्यही ट्रंकेतच राहिलं असतं. ओळख पटण्याचा फायदा दोन्ही पारड्यांत पडतो.

जिवंत माणसाचीही ओळख पटवावी लागते. १९६८ मध्ये मुंबईत रात्री पदपथावर झोपणाऱ्यांचे एकामागून एक खून होत होते. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गुन्हे शाखा तपास करत होती. ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी एका माणसाला हटकून ताब्यात घेतलं. त्याने नाव सांगितलं सिंधी दळवाई. पण तो पोलिसांना हवा असलेला रामन राघव आहे याला दुजोरा दिला जुन्या नोंदीतल्या ठशांनी. माणसाने नावं कितीही बदलली तरी त्याची दहा बोटं तीच राहतात.

आता १,०२४ खणांचं कपाट गेलं. एका राज्यात घेतलेला ठसा दुसऱ्या राज्याच्या नोंदींत शोधता यावा म्हणून राष्ट्रीय पातळीवर नाफिस ही संगणकीय यंत्रणा आहे, महाराष्ट्राची स्वतःची अँबिस आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. आमच्या हद्दीत घडलं नाही म्हणून तक्रार न घेता परत पाठवणंही कायद्याला मान्य नाही. चेन्नईत एग्मोरच्या जुन्या पोलीस आयुक्तालयाच्या इमारतीत २०२१ पासून पोलिसांचं संग्रहालय आहे, आणि शहराच्या गल्लीबोळांत दुकानदार आणि रहिवासी यांच्या मदतीने बसवलेले कॅमेरे आहेत. त्या योजनेला नाव दिलं होतं ‘तिसरा डोळा’.

कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, नाव दिसत नाही. मानामदुराईचा प्रश्न तिथेच आहे. रेल्वे रुळांवर, खाडीत, पदपथावर सापडलेले अनोळखी देह मुंबईतही आणि चेन्नईतही रोज शवागारात येतात. ठाणे अंमलदार अकस्मात मृत्यूची नोंद करतो, छायाचित्र काढतो, आजूबाजूच्या ठाण्यांना संदेश धाडतो, ठरलेले दिवस वाट पाहतो. कुणी आलं नाही तर शेवटचे विधी पोलीसच करतात. त्यातले किती जण दुसऱ्या कुठल्या तरी ठाण्याच्या बेपत्ता रजिस्टरमध्ये नावानिशी जिवंत असतात! दोन्ही नोंदी खऱ्या, फक्त एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

भेट घडते ती एका रकान्यामुळे. बेपत्ता माणसाची तक्रार देताना अर्जावर उंची, रंग, बांधा, कपडे यांच्याखाली ‘ओळखीच्या खुणा’ असा रकाना असतो. घाबरलेल्या घरच्यांना तिथे काही सुचत नाही. ‘रंग सावळा, चेहरा गोल’ एवढं सांगून ते थांबतात, आणि तसे हजारो असतात. चांगला अंमलदार तिथे पेन खाली ठेवतो, समोरच्या बाईला पाणी देतो आणि शांतपणे विचारतो, “ताई, लहानपणी कुठे पडले होते का? टाके? दात कधी काढला होता? हातावर गोंदलंय? कान टोचले होते?” बाई आधी नाही नाही म्हणतात. मग आठवतं. डाव्या कानाला, दोनदा. पहिलं भोक बुजलं होतं म्हणून सासूबाईंनी पुन्हा सोनाराकडे नेलं होतं.

अंमलदार ते लिहून घेतो.